रेडिंगमधलं एक घर: बॉयलर बदलायचा की हीट पंप बसवायचा?

घर इंग्लंडमध्ये, रेडिंगला. १९३० च्या दशकातलं बांधकाम, एक भिंत शेजाऱ्यांशी सामाईक. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, वर तीन खोल्या, त्यातली एक जेमतेम पलंग मावेल एवढी. क्षेत्रफळ साधारण ९५ चौरस मीटर. राहणारे नवरा-बायको, दोन शाळकरी मुलं आणि त्या हिवाळ्यात निफाडहून आलेल्या नवऱ्याच्या आई. घरांच्या हीटिंगची आखणी करणं हे माझं काम, आणि या कुटुंबाशी जुना घरोबा, त्यामुळे बॉयलर बंद पडला तेव्हापासून पुढची दीड-दोन वर्षं मी हे प्रकरण जवळून पाहिलं. इंग्लंडमधल्या बऱ्याच मराठी घरांपुढे आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे, म्हणून ते सविस्तर लिहिते.

जानेवारी २०२४ मध्ये दक्षिण इंग्लंडात आठवडाभर कडाक्याची थंडी होती. पहाटे सुरू होणारा बॉयलर एका सकाळी सुरूच झाला नाही. आतून गुडगुड आवाज, पडद्यावर एरर कोड, खोल्यांतले रेडिएटर (आतून बॉयलरचं गरम पाणी फिरणारे भिंतीवरचे पत्रे) गार. एका कंपनीचा माणूस तासाभरात आला. पाच मिनिटं बघून म्हणाला, अठरा वर्षांचा बॉयलर आहे, संपला आता. २,९०० पाउंडांत नवा बसवतो, उद्या सकाळी मोकळा आहे. घरात सत्तरी ओलांडलेली आई, बाहेर बर्फ. अशा वेळी माणूस हो म्हणतो, आणि त्यात त्याची काही चूक नसते.

सुदैवाने हो म्हणण्याआधी सूनबाईंनी मला फोन केला. गुडगुड ऐकूनच अंदाज आला. २००५ च्या एप्रिलपासून इंग्लंडमध्ये घरगुती गॅस बॉयलर कंडेन्सिंग जातीचेच बसवावे लागतात. ते धुरातली वाफ थंड करून तिची उष्णता वापरतात आणि त्या वाफेचं झालेलं पाणी एका बारीक प्लास्टिकच्या नळीतून बाहेर सोडतात. या घरात ती नळी स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीवरून दोन-अडीच मीटर उघड्यावर गेली होती. नळीतलं पाणी गोठलं की मागचं पाणी तुंबतं आणि बॉयलर स्वतःला बंद करून घेतो. मी सांगितलं, किटलीत पाणी कोमट करा, उकळतं नको, आणि नळीच्या खालच्या वाकणावर हळूहळू ओता. तिसऱ्या किटलीला नळी मोकळी झाली. रिसेट दाबल्यावर बॉयलर सुरू. दुसऱ्या दिवशी नळीला फोमचं जाड वेष्टण बसवलं. खर्च दहा-बारा पाउंड.

बॉयलर म्हातारा होता हे खरंच होतं. पण तो संपला नव्हता, आणि त्यामुळे या घराला सहा महिने मिळाले. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. हीटिंग निवडायचं ते थंडीत मोजून आणि उन्हाळ्यात बसवून. जानेवारीत बंद पडलेल्या बॉयलरसमोर उभं राहून जे घेतलं जातं तो निर्णय नसतो, ती नाइलाजाने केलेली खरेदी असते.

घर किती उष्णता गमावतं?

जुना बॉयलर २८ किलोवॉटचा होता. हा आकडा घर गरम ठेवण्यासाठी ठरलेलाच नव्हता. कॉम्बी बॉयलर नळाला लागलीच गरम पाणी देतो, त्यासाठी एवढी ताकद लागते. खोल्या उबदार ठेवायला किती लागते, हे या घरात आजवर कुणी मोजलंच नव्हतं.

ते मोजायला दोन वाटा आहेत आणि मी दोन्ही धरते. पहिली, खोलीगणिक हिशेब: भिंत, खिडकी, छत, जमीन यांचं क्षेत्रफळ, प्रत्येकातून किती उष्णता जाते, फटींतून किती वारं शिरतं. बाहेर उणे २ आणि आत २१ अंश धरून या घराचा आकडा आला ६.२ किलोवॉट. दुसरी वाट गॅसच्या बिलाची. वर्षाला १५,५०० युनिट (म्हणजे किलोवॉट-तास) गॅस जळत होता. जुन्या बॉयलरची कार्यक्षमता ८२ टक्के धरली तर १२,७०० युनिट उष्णता मिळाली. त्यातून आंघोळी-भांड्यांचं पाणी आणि स्वयंपाक मिळून अडीच हजार वजा केले आणि उरलेलं वर्षभराच्या थंडीवर वाटलं, तर अगदी थंड दिवशी लागणारी ताकद पाच किलोवॉटच्या आसपास निघते. कागदावरचा हिशेब नेहमीच थोडा जास्त सांगतो, कारण माणसांची, स्वयंपाकाची, खिडकीतून येणाऱ्या उन्हाची ऊब त्यात धरलेली नसते. दोन आकडे इतके जवळ आले की माझा विश्वास बसतो.

याच घरासाठी एका विक्रेत्याने फोनवर फक्त खोल्या किती ते विचारून १२ किलोवॉटचा हीट पंप सुचवला होता. मोठं यंत्र म्हणजे चांगलं यंत्र, ही समजूत इथे फार महागात पडते. इंग्लंडचा हिवाळा बहुतांश दिवस ५ ते १० अंशांचा असतो. तेव्हा या घराला दोन-तीन किलोवॉट पुरतात. १२ किलोवॉटचं यंत्र तितकं खाली उतरूच शकत नाही, मग ते दिवसभर चालू-बंद होत राहतं, वीज जास्त खातं आणि त्याचा कॉम्प्रेसर लवकर झिजतो.

मोजणीच्या दिवशी आणखी एक गोष्ट सापडली. उत्तरेकडच्या खोलीत कपाट सरकवलं तर मागच्या भिंतीवर हातभर काळी बुरशी. आर्द्रता मोजली, ७५ टक्के. कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. खोलीत कपड्यांचा स्टँड उभा होता, स्वयंपाकघराचा एक्झॉस्ट पंखा फोडणीच्या वेळेपुरताच लागायचा, आणि हीटिंग सकाळी दोन तास, संध्याकाळी तीन तास. मधल्या वेळात भिंत गार पडायची आणि घरातली सगळी वाफ तिथे जाऊन बसायची. हीटिंग लावण्याची ही पद्धत आपल्याकडच्या गीझरच्या सवयीतून आलेली आहे: आंघोळीआधी लावा, झाली की बंद करा. गीझरसाठी ती योग्यच. भिंतींसाठी नाही.

फेब्रुवारीतली चाचणी

हीट पंप हे फ्रिजचंच यंत्र, उलट्या दिशेने चालणारं. बाहेरच्या थंड हवेतली उष्णता ओढून ते घरातल्या पाण्याला देतं. पाणी जितकं कमी गरम करायचं तितकी वीज कमी लागते. ४५ अंशांचं पाणी द्यायचं असेल तर एका युनिट विजेत तीन-साडेतीन युनिट उष्णता मिळू शकते. ६० अंशांचं मागितलं की गणित बिघडतं. म्हणून खरा प्रश्न असा, की हे घर ४५ अंशांच्या पाण्यावर उबदार राहील का?

याचं उत्तर यंत्र विकत घेण्याआधीच मिळवता येतं आणि त्याला एक पैसा लागत नाही. जुन्या बॉयलरवर रेडिएटरच्या पाण्याचं तापमान ७५ अंशांवर लावलेलं होतं. फेब्रुवारीत आम्ही ते ५५ वर आणलं, मग ५० वर, आणि हीटिंग दिवसभर चालू ठेवलं. वरच्या दोन खोल्या आणि बाथरूम आरामात २० अंशांवर राहिल्या. खालची पुढची बैठकीची खोली मात्र १७ च्या पुढे जाईना.

ते अपेक्षितच होतं. त्या खोलीत एकच रेडिएटर, छापील ताकद १,५०० वॉट. पण ही छापील ताकद रेडिएटर खोलीपेक्षा ५० अंशांनी गरम असताना मोजलेली असते. पाणी सरासरी ४२ आणि खोली २१ असेल तर फरक उरतो २१ अंशांचा, आणि तोच रेडिएटर साधारण ५०० वॉट देतो, म्हणजे एक तृतीयांश. खोलीची गरज होती १,२००. ‘हीट पंपने आमचं घर गरमच होत नाही’ अशा तक्रारी मी ऐकते, तेव्हा बहुतेक वेळा यंत्र ठीक असतं आणि रेडिएटर लहान असतात. ही तपासणी न करता यंत्र बसवणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण त्याची शिक्षा घरात राहणाऱ्यांना मिळते.

पैशांचा हिशेब

आधी घर सुधारलं. पोटमाळ्यावरचा ग्लासवूलचा थर १०० मिलिमीटरचा होता तो २७० पर्यंत वाढवला, पुढच्या दाराच्या आणि लाकडी जमिनीच्या फटी बुजवल्या. त्यानंतर वर्षाला साधारण ११,५०० युनिट उष्णता पुरेल असं धरलं.

२०२४-२५ च्या हिवाळ्यात गॅस युनिटला सव्वासहा पेनीच्या आसपास आणि वीज साधारण पावणेपंचवीस पेनी, म्हणजे वीज जवळजवळ चौपट महाग. गॅसचं कनेक्शन ठेवण्याचा रोजचा आकार वेगळा, वर्षाचे साधारण ११५ पाउंड. नवा बॉयलर नीट लावला, ९० टक्के कार्यक्षमतेने चालवला, तर वर्षाचा खर्च ९२० पाउंडांच्या आसपास. हीट पंपने एका युनिटमागे ३.१ युनिट उष्णता दिली तर तेवढाच खर्च, ३.५ दिली तर शंभरेक पाउंड कमी, २.६ दिली तर दीडशेहून जास्त पाउंडांचा भुर्दंड.

बसवण्याचा खर्च: बॉयलर २,९००. सात किलोवॉटचा हीट पंप, २०० लिटरची गरम पाण्याची टाकी आणि तीन नवे रेडिएटर मिळून १३,४००. त्यातून सरकारच्या बॉयलर अपग्रेड योजनेचे ७,५०० वजा. हे अनुदान ऑक्टोबर २०२३ मध्ये ५,००० वरून वाढवलं होतं. ते बसवणाऱ्याच्या बिलातूनच कापलं जातं, त्यासाठी त्याच्याकडे एमसीएस, म्हणजे अशी यंत्रं बसवणाऱ्यांना मिळणारं प्रमाणपत्र असावं लागतं. म्हणजे घरच्यांच्या खिशातून ५,९००, बॉयलरपेक्षा तीन हजार जास्त.

वर्षाला शंभर पाउंड वाचले तर तीन हजार वसूल व्हायला तीस वर्षं लागतील. हे मी त्यांना स्वच्छ सांगितलं. बिल अर्धं होईल असं सांगून हीट पंप विकणारा माणूस खोटं बोलतो आहे. गॅसवरून येणाऱ्या घरात तो बिलासाठी घ्यायचा नसतो. या घराने तो घेतला कारण आईंना सांधेदुखी होती आणि दिवसभर एकसारखी ऊब हवी होती, बुरशी जायला हवी होती, आणि आता नवा बॉयलर घेतला असता तर आणखी पंधरा वर्षं गॅस जाळणं पक्कं झालं असतं. शेवटचं कारण सूनबाईंना सर्वांत महत्त्वाचं वाटत होतं. मलाही वाटतं.

अडलं ते शेगडीवर. गॅसचा रोजचा आकार वाचवायचा तर कनेक्शनच काढावं लागतं, म्हणजे इंडक्शन. आईंचा प्रश्न रास्त होता, “भाकरी फुगवायची कशावर? आणि भरताचं वांगं?” पहिला हिवाळा त्यांनी शेगडी ठेवली आणि ११५ पाउंड भरले. मला हा निर्णय चुकीचा वाटला नाही. एकाच वर्षात माणसाने किती सवयी बदलायच्या? पुढच्या वसंतात इंडक्शन आलं. पोळ्या बिडाच्या तव्यावर उत्तम होतात, वांगं ओव्हनच्या ग्रिलखाली भाजतं, पण जाळावरच्या वांग्याची धुरकट चव त्याला येत नाही हे खरं आहे.

बसवताना आणि नंतर

काम ऑगस्ट २०२४ मध्ये झालं. बाहेरचं युनिट बाजूच्या बोळात ठेवायचं ठरलं होतं, पण तेव्हा वेगळी परवानगी न घेता बसवायचं तर ते हद्दीपासून किमान एक मीटर आत लागे, आणि बोळच मीटरभर रुंद. शेवटी ते मागच्या अंगणात गेलं. (ही अट इंग्लंडमध्ये मे २०२५ मध्ये काढली, त्यामुळे आता छोट्या घरांचं बरंच सोपं झालं आहे.) कॉम्बी बॉयलरला टाकी नसते, ती आता हवी होती. वरच्या मजल्यावरचं भिंतीतलं कपाट हीच एक जागा, आणि त्यात देवघर. देव खाली जेवणाच्या खोलीत पूर्वेच्या कोपऱ्यात आले, आईंना ती जागा जास्त आवडली. बैठकीच्या खोलीत खिडकीखाली मोठा रेडिएटर आणि समोरच्या भिंतीवर दुसरा असे दोन लागले.

नवं पाणी भरण्याआधी जुन्या पाइपांतलं पाणी काढलं तेव्हा ते शाईसारखं काळं होतं. रेडिएटरच्या पोलादाचा गंज पाण्यात फिरत राहतो आणि तळाशी साचतो. रेडिएटर वर गरम आणि खाली गार लागला की ओळखावं. नळ्या धुऊन, गंजरोधक औषध घालून, चुंबकाचा फिल्टर बसवला. रेडिएटर उलट, म्हणजे खाली गरम आणि वर गार लागला तर आत हवा अडकलेली असते. चावीने वरचा छोटा स्क्रू सैल करून ती काढायची, पाणी यायला लागलं की बंद. मग दाबाचा काटा बघायचा, गार असताना १ ते १.५ बारच्या दरम्यान हवा. काटा दर आठवड्याला खाली येत असेल तर नुसतं पाणी भरत राहू नका. कुठेतरी गळती आहे, आणि प्रत्येक ताज्या पाण्याबरोबर नवा प्राणवायू आणि नवा गंज आत येतो.

नोव्हेंबरमध्ये त्यांचा फोन आला, वीज फार जाते आहे. जाऊन पाहिलं. बसवणाऱ्याने पाण्याचं तापमान सरसकट ५५ अंशांवर ठेवून दिलं होतं. ग्राहकाची गारठ्याची तक्रार येऊ नये म्हणून असं करतात. यंत्राच्या मीटरवर उष्णतेचं विजेशी प्रमाण दिसत होतं २.६. शिवाय प्रत्येक रेडिएटरची झडप दोन किंवा तीनवर, त्यामुळे खोल्या एकेक करून बंद व्हायच्या आणि यंत्राला उष्णता द्यायला जागाच उरायची नाही. आम्ही झडपा पूर्ण उघडल्या आणि पाण्याचं तापमान बाहेरच्या हवेशी बांधलं: बाहेर १५ असेल तर पाणी २८, बाहेर उणे २ असेल तर ४५. मग रोज थोडं थोडं खाली आणत, घर २० अंशांवर टिकतंय तोवर. वर्षअखेरीस प्रमाण साडेतीनच्या जरा खाली आलं. तेच यंत्र, तेच घर. या एका दुपारच्या कामाने दोन-अडीचशे पाउंडांचा फरक पडला, आणि बसवणारा हे काम करून देतो की नाही, हा प्रश्न मी कोटेशन घेतानाच विचारायला सांगते.

आईंचं पटणं हा वेगळाच टप्पा. त्यांनी रेडिएटरला हात लावला, तो कोमट. “बिघडलाय हा. आणि रात्रंदिवस चालू? मुलगा कमावतो म्हणून काय झालं!” निफाडला द्राक्षबागांत दव गोठू नये म्हणून रात्री शेकोट्या पेटवलेल्या त्यांनी आयुष्यभर पाहिल्या, ऊब म्हणजे हाताला चटका, हे त्यांचं गणित. खोलीतून बाहेर पडल्या की त्या झडप बंद करायच्या. मी एक पंचवीस पाउंडांचा तापमान-आर्द्रतामापक त्यांच्या खोलीत ठेवला आणि सांगितलं, आई, हात रेडिएटरला लावू नका, हा आकडा बघा. २०.५ सकाळी, २०.५ दुपारी, २०.५ रात्री. आठवड्याने झडपांना कुणी हात लावेना.

जानेवारी २०२५ च्या थंडीत अंगणातल्या युनिटमधून पांढरे लोट निघाले आणि आईंना वाटलं पेट घेतला. ती वाफ होती. बाहेर ० ते ५ अंश आणि दमट हवा असली की युनिटच्या मागच्या पत्र्यांवर बर्फ धरतो; यंत्र काही मिनिटं उलटं चालून तो वितळवतं. त्याचं बादलीभर पाणी खाली पडतं. ते पायवाटेवर येऊन गोठलं तर घसरून हाड मोडायचं, म्हणून युनिटखाली आधीच खड्डा करून खडी भरली होती. बसवताना हे विसरलं जातं.

देखभालीचा बाकी भाग साधा आहे. पानगळीत युनिटच्या मागची पानं काढायची आणि आजूबाजूला मोकळी जागा ठेवायची. चुंबकाचा फिल्टर वर्षातून एकदा धुवायचा. पहिल्या वर्षी चमचाभर काळा गाळ निघाला. टाकीचं पाणी रोज ४८ अंशांवर असतं, ते आठवड्यातून एकदा ६० वर नेतात, लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून. हे वेळापत्रक यंत्रात लावलेलंच असतं, कुणी बंद तर केलं नाही ना एवढं बघायचं. वर्षाची सर्व्हिस चुकवली तर वॉरंटी जाऊ शकते. ज्यांच्या घरी गॅस आहे त्यांनी मात्र सर्व्हिसला गॅस सेफ (गॅसचं काम करणाऱ्यांची अधिकृत यादी) नोंदणी असलेलाच माणूस बोलवावा, त्याचं कार्ड मागून बघावं, आणि बॉयलरच्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच. हा वायू दिसत नाही, त्याला वास नाही, आणि डोकेदुखी-मळमळ म्हणून माणूस झोपायला जातो.

बुरशी आलेली भिंत धुऊन रंगवली, ती वर्षभर कोरडी राहिली. आर्द्रता ५५ ते ६० वर आली. त्यात हीटिंगचा वाटा आहे, पण स्वयंपाकघराचा पंखा आता फोडणीनंतर अर्धा तास चालू राहतो आणि कपडे बाथरूममध्ये पंखा लावून वाळतात, याचाही तेवढाच आहे.

एक खोली अजून हवी तशी झालेली नाही. वरची चिमुकली खोली, जिच्या तीन भिंतींना बाहेरची हवा लागते, अगदी थंड रात्री १८ वरच थांबते. तिथला रेडिएटर मोठा करायला भिंतीवर जागा नाही. घरच्यांनी त्या तीन भिंतींना आतून इन्सुलेशनचे बोर्ड लावायचं ठरवलं आहे. मात्र बोर्डाच्या मागे ओल धरू नये म्हणून आधी बाहेरची गळकी पन्हळ दुरुस्त करायची आहे. ते काम मे महिन्यात, कोरड्या हवेत होईल. तोवर ती खोली अभ्यासाची आहे, झोपायची नाही.